शेवटची अकरा पानं : पुस्तक अर्धवट सोडणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

आमच्या वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांचा वाचनतास असतो. तो मी घेते. मी शिक्षिका नाही, मानसोपचारतज्ज्ञ तर नाहीच. मुलांना पुस्तकं काढून द्यायची, त्यांच्याबरोबर बसून वाचायचं आणि कोण नुसतंच पानं उलटतंय यावर लक्ष ठेवायचं, एवढंच माझं काम. हे प्रकरण नऊ वर्षांच्या एका मुलाचं आहे. त्याला आणि त्याच्या आईला विचारून लिहिलंय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला इथे नुसतं 'मुलगा' म्हटलंय, कारण खोटं नाव दिलं की तो मला दुसराच कोणी वाटायला लागतो.

पार्श्वभूमी

मुलगा पहिल्यांदा आला तो आईच्या मागे अर्धा लपून. आईने बसायच्या आधीच सांगून टाकलं, "ताई, हा काहीच पुरं करत नाही. पुस्तक आणतो, वाचतो आणि मध्येच सोडून देतो." शाळेच्या वहीत वर्गशिक्षिकेचा शेरा होता: 'वाचनात चिकाटी नाही. पुस्तके अर्धवट सोडतो.' त्याच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. पुस्तक वाचून संपवलं की नावापुढे एक चांदणी चिकटवायची. बाकीच्या मुलांच्या ओळी भरत आल्या होत्या. याच्या नावापुढे एकच चांदणी होती, वर्षाच्या अगदी सुरुवातीची. ही एकुलती चांदणी कधीची आणि तिच्यानंतर काय झालं, हे विचारावं असं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही. सगळे रिकाम्या चौकोनांकडे बघत होतो.

घरी कोण कोण असतं, असं मी विचारलं. आई, बाबा, धाकटी बहीण. 'कोण होतं' असा प्रश्न मी विचारला नाही, त्यामुळे त्याचं उत्तरही मिळालं नाही. आजोबा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

अडचण वाचनाची आहे का?

पहिली शंका सरळ होती: मुलाला वाचता येत नाही आणि तो ते झाकतोय. अशी मुलं मी पाहिली आहेत. चित्रांवरून गोष्ट ओळखतात, अवघड पान आलं की पोट दुखतं, नाहीतर तहान लागते. वाचनाची अडचण आणि बुद्धी यांचा संबंध नाही, ही गोष्ट नवी नव्हे. प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८९६ साली चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची नोंद केली होती. त्या मुलाला वाचायला जमत नव्हतं, आणि सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं म्हणणं होतं. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी वहीत शेरा पडतो तो 'चिकाटी नाही' असाच. म्हणून ती शक्यता आधी तपासली.

त्याने न पाहिलेला शंभर शब्दांचा उतारा काढून दिला. तो मोठ्याने वाचत गेला आणि मी चुकलेल्या शब्दांवर टिंबं देत गेले. न्यूझीलंडच्या वाचनतज्ज्ञ मेरी क्ले यांनी रूढ केलेली ही पद्धत मला सोयीची वाटते. शंभरातले ९५ किंवा त्याहून जास्त शब्द बरोबर आले तर मजकूर त्या मुलाला सोपा. ९० ते ९४ आले तर सोबतीला कोणी असेल तर शिकण्याजोगा. ९० च्या खाली गेला की मुलाचा नुसता छळ. मुलाने दोन शब्द चुकवले. त्यातला एक 'वैशिष्ट्य' होता आणि त्या शब्दाला घाईत मीही अडखळते. मग त्याने उतारा स्वतःच्या शब्दांत सांगितला. त्यात मी न विचारलेली एक गोष्टही होती: उताऱ्यातला माणूस खोटं बोलत असणार, कारण पाऊस पडत असताना त्याची चप्पल कोरडी कशी? डोळ्यांची तपासणी आईने आधीच करून घेतली होती. म्हणजे वाचता येत होतं, कळत होतं, आवडतही होतं. तरी पुस्तक पुरं होत नव्हतं.

खूण

पुढचा धागा माझ्या नव्हे, आमच्या ग्रंथपालांच्या हाती लागला. सगळी मुलं त्यांना काका म्हणतात. परत आलेलं प्रत्येक पुस्तक ते कपाटात ठेवण्याआधी उलटं धरून झटकतात, कारण मुलांच्या पुस्तकांतून काहीही निघतं. या मुलाच्या पुस्तकांतून चौकटीच्या वहीचे, कात्रीने नीट कापलेले कागदाचे तुकडे निघायचे. एकदा काकांनी झटकण्याआधी आत पाहिलं आणि मला हाक मारली.

८० पानांच्या पुस्तकात खूण ६९ वर होती. मग आम्ही त्याच दिवशी परत आलेली त्याची आणखी दोन पुस्तकं पाहिली. १२८ पानांच्या पुस्तकात ११७ वर, ४८ पानांच्या पुस्तकात ३७ वर. काकांनी वजाबाकी माझ्या आधी केली. "तिन्हीत अकरा," ते म्हणाले.

म्हणजे हा मुलगा कंटाळून पुस्तक टाकत नव्हता. कंटाळणारा कुठेही थांबतो. हा आधी शेवटचं पान उघडून आकडा बघत होता, त्यातून अकरा वजा करत होता आणि तिथपर्यंत वाचत होता. पुढे लक्षात आलं की तिथपर्यंतचा भाग तो दोन-दोन, तीन-तीनदा वाचायचा. त्याचं वाचन एवढं सफाईदार का, याचंही उत्तर त्यात होतं. तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचल्याने ओघ येतो, हे एस. जे. सॅम्युएल्स या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलं आणि पुढे ती शिकवण्याची एक पद्धतच झाली. हा मुलगा ती पद्धत स्वतःवर वापरत होता, पण त्यामागचं कारण वेगळंच काही होतं.

माझ्या दोन चुका

पहिली चूक त्याच आठवड्यातली. शोध लागल्याचा आनंद मला आवरला नाही. मुलगा आल्याआल्या मी तिन्ही पुस्तकं टेबलावर मांडली आणि हसत विचारलं, "अकराच का रे?"

त्याने पुस्तकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असंच," म्हणाला.

पुढच्या वेळी पुस्तकात खूण नव्हती. त्याच्या पुढच्या वेळीही नव्हती. त्याच्या मनात डोकवायला आम्हाला जी एक फट सापडली होती, ती त्याने बुजवून टाकली, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. आपण मोठी माणसं 'का' हा शब्द फार सैल सोडतो. आपल्याला ती चौकशी वाटते, मुलाला ती झडती वाटते. त्यातून ज्या गोष्टीचं कारण त्याने स्वतःशीही उच्चारलेलं नाही तिच्याबद्दल विचारलं, तर 'असंच' हेच सर्वांत प्रामाणिक उत्तर असतं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. काही आठवड्यांनी बोलता बोलता आईच्या तोंडून आजोबांचा विषय निघाला. ते यांच्याचकडे राहायचे. नातू रोज संध्याकाळी त्यांच्या पलंगावर बसून त्यांना वाचून दाखवायचा. मला वाटलं, सापडलं! आमच्याकडे आजोबांच्या मृत्यूवरचं एक चित्रमय पुस्तक आहे. चांगलं आहे. पुस्तकांनी मन सावरतं ही कल्पना जुनीच आहे. 'बिब्लिओथेरपी', म्हणजे पुस्तकांनी उपचार, हा शब्द सॅम्युएल क्रोदर्स या अमेरिकी निबंधकाराने १९१६ मध्ये एका मासिकातल्या लेखात वापरला, आणि तोही गमतीगमतीत. माझ्यासारखे पुस्तकवेडे तो जरा जास्तच गंभीरपणे घेतात. दुखणं कळलं की त्यावरचं पुस्तक काढायचं, जणू कपाटात बाटल्याच लावून ठेवल्या आहेत.

मी ते पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने मुखपृष्ठ पाहिलं, पहिलं पान उघडलं, मिटलं, आणि उठून स्वतः कपाटात ठेवून आला. कणा भिंतीकडे आणि पानं बाहेर, असं. म्हणजे पुढच्यालाही नाव दिसू नये. त्यानंतर तीन आठवडे तो आला नाही. वाचनतासाच्या दिवशी त्याचं पोट दुखायचं. हे नाटक नव्हतं, असं आईने सांगितलं आणि ते मला पटलं. मुलांची काळजी पुष्कळदा पोटातूनच बोलते, आणि ती दुखते म्हणजे खरीच दुखते.

समोर कोणते पर्याय होते

शेवटी आई, वर्गशिक्षिका, काका आणि मी एकत्र बसलो. तेव्हा आजोबांना जाऊन सहा महिने होत आले होते.

वर्गशिक्षिकांचं म्हणणं होतं की हळूहळू नेट लावून एक पुस्तक संपवून घ्यावं. एकदा भीती मोडली की मोडली. त्यांच्या काळजीत तथ्य होतं. जो वाचतो तो आणखी वाचतो आणि जो मागे पडतो तो पडतच जातो, हे कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये दाखवलं होतं, आणि वर्गात बसणाऱ्या कोणालाही ते रोज दिसतं. पण हा मुलगा मागे पडलेला नव्हताच. तो प्रत्येक पुस्तकाचा बहुतेक भाग वाचत होता. रिकामा होता तो फक्त तक्ता. हे मी जरा चढ्या आवाजात बोलले आणि बाईंना ते लागलं. चाळीस मुलांच्या वर्गात तक्ता का लागतो, हे मी वर्गाबाहेर राहून विचारायला नको होतं.

आईचा कल उलट होता: सोडून द्यावं, वाचलं नाही तर नाही, मोठा होईल तसं विसरेल. मुलगा हसतो, खेळतो, बहिणीशी भांडतो, मग त्याला फार काही असेल असं तिला वाटत नव्हतं. यात एक फसवी गोष्ट आहे. मुलांचं दुःख मोठ्यांसारखं सलग नसतं. ती त्यात उतरतात, चार मिनिटांनी बाहेर येऊन चेंडू मागतात आणि पुन्हा उतरतात. दुःखातून सावरणारी मोठी माणसंही गेलेल्याकडे आणि चालू आयुष्याकडे आळीपाळीने वळत राहतात, असं स्ट्रोब आणि शूट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं. मुलांच्यात ही ये-जा फार भरभर होते, इतकंच. खेळतोय म्हणजे विसरला, असं नव्हे.

तिसरा पर्याय समुपदेशकाचा. मी स्वतः त्याला लगेच तयार नव्हते. कारण आता सांगताना लाज वाटते: मला वाटत होतं की हे 'आपलं' प्रकरण आहे. तोंडाने मात्र मी म्हणाले की त्याची झोप, भूक, शाळा, खेळ सगळं ठीक आहे, मग घाई कशाला? दीर्घ शोकाचं निदान करताना तज्ज्ञ मुलांच्या बाबतीत किमान सहा महिन्यांचा काळ धरतात, तोही आत्ताच पुरा होतोय, असंही मी ऐकवलं. निदानासाठी ठरलेला काळ मी सल्ला न घेण्याचं निमित्त म्हणून वापरला.

काकांनी चौथा पर्याय सुचवला आणि तो पर्यायासारखा वाटतही नव्हता. "माझ्याकडे फाटकी पुस्तकं साठली आहेत," ते म्हणाले. "त्याला मदतीला पाठवा. वाचायला नको सांगू."

ठरलं ते असं: मुलगा काकांकडे बसेल, वाचनाचा विषय कोणी काढणार नाही, शाळेत त्याला तक्त्यावरून कोणी टोकणार नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेला जाईनासा झाला किंवा 'मला पण आजोबांकडे जायचंय' असं काही बोलला, तर त्याच दिवशी समुपदेशक गाठायचा. हे शेवटचं आईने कागदावर लिहून घेतलं. असं लिहून घेतलेलं बरं, कारण मुलाच्या वागण्यातला बदल रोज थोडा थोडा होतो आणि रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही.

दुरुस्तीचं टेबल

काकांचं टेबल खिडकीशी आहे. दोघं शेजारी शेजारी बसायचे, तोंडं एकाच दिशेला. हे मला नंतर महत्त्वाचं वाटलं. समोरासमोर बसलं की मूल तपासणीला बसल्यासारखं होतं. शेजारी बसून हात कामात असले की गप्प राहणंही चालतं आणि बोलणंही.

पहिले काही दिवस त्याने फक्त खळ ढवळली. मग फाटक्या पानांची कड जुळवणं, पातळ कागदाची पट्टी लावणं, सुटलेला कणा चिकटवून पुस्तकावर दोन जाड ग्रंथ ठेवून रात्रभर दाबून ठेवणं. काका सूचना तोंडी देत नसत. चिठ्ठीवर लिहून ठेवत: 'खळ कणीदार नको. ब्रश आतून बाहेर फिरव. पान ओलं असताना मिटू नको.' मुलगा चिठ्ठी वाचायचा आणि तसं करायचा. एकदा त्याने चिठ्ठीत दुरुस्ती सुचवली, कारण 'आतून बाहेर' म्हणजे पानाच्या आतून की पुस्तकाच्या, हे कळत नव्हतं. काकांनी पुन्हा लिहिलं.

दाखल नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक शोधायचं कामही त्याच्याकडे आलं. मग लेबलं लिहिणं. मग शब्दकोश, कारण एका फाटक्या पुस्तकावर 'जीर्ण' असा शिक्का होता आणि त्याला अर्थ हवा होता. शब्दकोशात तो रमला. 'जीर्ण'वरून 'जीर्णोद्धार', तिथून आणखी कुठे. नकाशे, वेळापत्रकं, जुन्या पुस्तकांच्या याद्या, सगळं वाचायला लागला. मी लांबून बघत होते आणि मला कळत नव्हतं की या सगळ्यात सारखं काय आहे. काकांना कळलं होतं. यातलं काहीच संपत नाही. शब्दकोशाला शेवटचं पान असतं, पण शेवट नसतो. एके दिवशी त्याने आपणहून शब्दकोशाचं शेवटचं पान उघडलं, त्यावरचा शेवटचा शब्द वाचला, आणि काकांना म्हणाला, "हे चालतं."

काय चालतं, हे काकांनी विचारलं नाही. मी असते तर विचारलं असतं.

ती संध्याकाळ

टेबलावर बसायला लागून अडीच महिने झाले होते. दुरुस्तीला एक गोष्टीचं पुस्तक आलं, त्याची शेवटची पानं कोणीतरी फाडून नेली होती. मुलाने ते उलटंसुलटं पाहिलं.

"याची शेवटची पानंच नाहीत. म्हणजे हे कधी संपणारच नाही ना?"

"कोणाकडे तरी असतील," काका म्हणाले आणि खळ लावत राहिले.

थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "आम्ही संपवलं होतं."

काका गप्प.

"अकरा पानं राहिली होती. आजोबा म्हणाले, दमलो रे, उद्या वाचू. मी म्हटलं, नाही, आजच संपवू या. मग संपवलं. आणि सकाळी ते नव्हते."

इथे या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण होता. तोंडावर येणारं वाक्य ठरलेलं: 'अरे वेड्या, असं काही नसतं.' ते खरंही आहे. पण ते ऐकून मुलाला एवढंच कळतं की हा विषय इथे संपला. नऊ वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय हे समजतं, गेलेलं माणूस परत येत नाही हेही समजतं. तरी मी अमुक केलं म्हणून तमुक झालं, हा हिशेब त्या समजुतीच्या शेजारीच सुखाने नांदतो. मोठ्यांच्या मनातही नांदतो, आपण तो बोलून दाखवत नाही इतकंच.

काकांनी ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "तेव्हापासून तू हे एकट्यानेच लक्षात ठेवलंयस?"

मुलाने मान हलवली.

"फार दिवस झाले," काका म्हणाले. "आता हे आईला कळायला हवं. आजोबांना काय झालं होतं ते तिला नीट माहीत आहे, मला नाही. तू सांगतोस की मी सांगू?"

"तुम्ही. मी बाहेर बसतो."

मनाला धक्का बसलेल्या माणसाला आधार कसा द्यावा यावर जागतिक आरोग्य संघटनेची २०११ मधली एक मार्गदर्शिका आहे. तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडा. काकांनी ती वाचलेली नाही. त्यांनी पुस्तकं झटकून पाहिलं, अडीच महिने ऐकलं, आणि योग्य माणसाशी मुलाला जोडून दिलं, तेही त्याला विचारून. गुपित फोडलं असं मुलाला वाटलं असतं तर दुसऱ्यांदा बोललाच नसता.

आईने काय सांगितलं

आईला धक्का बसला तो दुहेरी. आजोबा गेले त्या सकाळी मुलाला नातेवाइकांकडे पाठवलं होतं. दोन दिवसांनी परत आल्यावर त्याला सांगितलं होतं की आजोबा लांबच्या प्रवासाला गेले. आजाराबद्दल घरात त्याच्यासमोर कोणी बोलत नसे. त्याला त्रास होऊ नये म्हणून. मग त्या मोकळ्या जागेत त्याने स्वतःचं कारण भरलं. कारणाशिवाय मुलांना राहता येत नाही, तुम्ही दिलं नाहीत तर ती स्वतः तयार करतात, आणि त्यात बहुतेक वेळा स्वतःलाच धरतात.

आता मात्र आम्ही समुपदेशकाकडे गेलो, आणि त्यांची पहिली मदत आईलाच झाली. आईला सांगायचं होतं की आजोबा त्या रात्री दमले नव्हतेच, उगीच म्हणाले असतील. समुपदेशक म्हणाल्या, तसं सांगू नका. 'दमलो' हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ते खोटं ठरवलंत तर बाकीचंही त्याला खोटं वाटेल. दमले होते, पण ते कशामुळे, ते सांगा.

आईने सांगितलं. हृदय कमजोर झालं होतं, गेले कित्येक महिने. रक्त पुरेसं फिरत नव्हतं म्हणून ते बसल्या जागीही दमायचे, वाचलं तरी आणि नाही वाचलं तरी. डॉक्टरांनी दोन आठवडे आधीच सांगितलं होतं की फार दिवस नाहीत. आणि 'प्रवासाला गेले' हा शब्द चुकीचा होता, ते वारले, त्यांचं हृदय बंद पडलं.

मुलाने विचारलं, "मी हट्ट केला नसता तर?"

"तरीही ते त्याच रात्री गेले असते. फक्त शेवट न ऐकता."

पुढच्या काही दिवसांत त्याने हाच प्रश्न आणखी तीनदा विचारला, एकदा तर रस्ता ओलांडताना. आईला वाटलं, समजलंच नाही याला. समुपदेशक म्हणाल्या, दर वेळी तेच उत्तर येतं का, हे तो तपासून बघतोय. दर वेळी तेच उत्तर द्या, त्याच शब्दांत.

पुढे काय झालं

सगळं एका रात्रीत सुटलं नाही. समुपदेशकांकडे मुलगा एकूण पाच वेळा गेला. पोटदुखी थांबली. महिनाभराने त्याने २४ पानांचं एक लहान मुलांचं पुस्तक पुरं वाचलं, ते धाकट्या बहिणीला वाचून दाखवताना. तिने पान उलटलं आणि हा वाचत गेला. मोठी पुस्तकं तो आता पुष्कळ वेळा संपवतो. कधी कधी शेवटचा भाग आईकडून वाचून घेतो. एखाद्या पुस्तकात अजूनही चौकटीचा कागद सापडतो, आणि काका वजाबाकी न करता तो जपून ठेवतात.

बाईंनी तक्ता काढला नाही. पण नव्या वर्षात त्यावर चांदणीऐवजी मुलांनी आवडलेलं एक वाक्य लिहायचं ठरलं, ते पुस्तक संपो न संपो. हा बदल त्यांचा, माझा नव्हे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी मी विचारायला हवं होतं की हे कधीपासून सुरू झालं. 'का' नव्हे, 'कधीपासून'. त्याचं उत्तर आई देऊ शकली असती आणि मुलाला काहीच उघड करावं लागलं नसतं. भिंतीवरची ती एक चांदणीही तेच सांगत होती.

खुणा सापडल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. फार तर आम्ही पुस्तकात एक कोरी खूण ठेवून दिली असती. पुस्तकातून आलेल्या निरोपाला पुस्तकातूनच उत्तर देणं जमलं असतं.

शोकाचं पुस्तक देणं चूकच होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. हातात कोंबणं चूक होतं. ते कपाटात, त्याच्या उंचीच्या फळीवर, इतर पुस्तकांत असायला हवं होतं. नंतर कळलं की त्या तीन आठवड्यांनंतर तो पहिल्यांदा आला तेव्हा ते अजून उलटंच ठेवलेलं आहे का, हे त्याने पाहून घेतलं होतं.

समुपदेशकांना मी सहा महिने होण्याची वाट न बघता फोन करायला हवा होता. मुलाला घेऊन जाणं आणि आपण स्वतः सल्ला विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला मुलाची तयारी लागत नाही, आपली लागते. काकांचं टेबल लागू पडलं, पण लागू पडलं म्हणून ते पुरेसं होतं असं नाही. मुलाच्या मनात याहून धोक्याचं काही असतं तर अडीच महिने खळ ढवळणं फार महागात गेलं असतं.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. काका म्हणतात, त्याला 'तूच सांग आईला' असा थोडा आग्रह करायला हवा होता, म्हणजे ते त्याचं राहिलं असतं. मला वाटतं, त्याने एकदा बोलणं हेच खूप होतं.

शेवटची पानं नसलेलं ते पुस्तक काकांनी बाद केलं नाही. मुलाने त्याच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पेन्सिलीने लिहिलंय: 'याची शेवटची पाने नाहीत. पुढे काय झाले ते माहीत असल्यास खाली लिहा.' आतापर्यंत चार मुलांनी चार वेगवेगळे शेवट लिहिले आहेत. त्याचं अक्षर त्यात नाही. मात्र कागद भरत आला म्हणून गेल्या आठवड्यात त्याने खाली दुसरा जोडला.